कॉर्डलेस मशीनची कॉपी बॅटरी घेताय? पैसे देण्याआधी आणि दिल्यानंतर काय तपासायचं

मशीन ठणठणीत असते, पण बॅटरी मान टाकते. दुकानात कंपनीच्या बॅटरीचा भाव विचारला तर नव्या मशीनच्या जवळपास जातो. मोबाइलवर मात्र हुबेहूब तशीच दिसणारी, वर जास्त अँपियर-अवर (बॅटरी किती चार्ज साठवते त्याचं माप) छापलेली बॅटरी निम्म्याहून कमी पैशांत मिळत असते. अशा वेळी हात तिकडे जाणं साहजिक आहे.

मी फर्निचर फिटिंगच्या कामात आहे. साइटवर कोणाची बॅटरी बॅकअप देईना झाली की ती माझ्या मल्टिमीटरखाली येते, त्यामुळे कंपनीच्या आणि कॉपी (म्हणजे कंपनीसारख्या दिसणाऱ्या, पण दुसऱ्या कोणी बनवलेल्या) अशा दोन्ही बॅटऱ्या आतून-बाहेरून बघायला मिळाल्या आहेत. नव्याने कॉर्डलेस घेणारे सुतार, इलेक्ट्रिशियन, एसी फिटर आणि घरची कामं स्वतः करणारे, सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून हे क्रमाने लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. स्क्रू मारणं, लाकडात भोकं पाडणं अशा हलक्या कामाला बरी कॉम्पॅटिबल बॅटरी चालून जाते. ग्राइंडर, सर्क्युलर सॉ, रोटरी हॅमर, ब्लोअर यांना कॉपी बॅटरी लावू नका. आणि बॅटरी कुठलीही असो, लेबलवर छापलंय म्हणून खरं धरू नका, स्वतः मोजा.

लागणाऱ्या वस्तू आणि कागद

- साधा डिजिटल मल्टिमीटर
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा
- गाडीच्या ब्रेक लाइटचे १२ व्होल्ट २१ वॅटचे दोन बल्ब, होल्डर, वायर, चपट्या थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या पत्र्या) आणि होल्डरसकट १० अँपियरचा गाडीचा फ्यूज
- मशीन, जुनी बॅटरी आणि चार्जर यांच्या मॉडेल नंबरांचे फोटो
- नव्या बॅटरीचं जीएसटी बिल, बॉक्सचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ

## १. बॅटरी खरंच गेली आहे का, ते आधी बघा

बऱ्याच वेळा दोष बॅटरीत नसतोच. बॅटरी जिथे मशीनला जोडली जाते त्या धातूच्या पट्ट्यांमध्ये भुसा आणि पीओपीची पावडर जाऊन बसते आणि चार्जर लाल दिवा लुकलुकवत राहतो. बॅटरी काढून पट्ट्या सुक्या ब्रशने साफ करा. ओळखीच्या कोणाची त्याच मॉडेलची बॅटरी तुमच्या चार्जरवर लावून बघा, म्हणजे चार्जर बिघडला आहे का ते कळेल. बॅटरी गरम असताना चार्जरवर लावली असेल तर ती थंड होईपर्यंत चार्जर थांबून राहतो. तो बिघाड नव्हे.

मग मल्टिमीटर लावा. १८ व्होल्टची बॅटरी मोजताना मीटर डीसी २०० वर ठेवा. २० च्या रेंजवर ठेवलात तर पूर्ण चार्ज बॅटरीला स्वस्त मीटर नुसता '१' दाखवतो, कारण तिचं व्होल्टेज २० च्या वर असतं. चांगली भरलेली बॅटरी २०.५ ते २१ दाखवते. चार्जर 'फुल' म्हणतोय आणि मीटर १८-१९ च्या आसपास अडकलंय, तर आतला एखादा सेल (बॅटरीतल्या छोट्या गोल बॅटऱ्यांपैकी एक) बसला आहे.

मीटरने १० व्होल्टच्या खाली दाखवलं तर ती बॅटरी सोडून द्या. यावर एक 'जुगाड' सर्रास दाखवला जातो: चांगल्या बॅटरीला दोन वायरी जोडून मेलेल्या बॅटरीला थोडा वेळ करंट द्यायचा, की चार्जर तिला पुन्हा घेतो. हे करू नका. लिथियम सेल २ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला की आतलं तांबं विरघळू लागतं, आणि चार्ज करताना तेच भलत्या जागी जमून सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. तशी बॅटरी आठवडाभर चालेलही, पण ती कधी पेटेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

कंपनीची बॅटरी वॉरंटीत असेल तर बिल शोधा आणि सर्व्हिस सेंटरला जा. वॉरंटी बाकी असताना नवी बॅटरी घेणारे मी पाहिले आहेत.

## २. लेबलवरचे आकडे वाचायला शिका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथे घाई करू नका.

कॉर्डलेसच्या बॅटरीत बोटाएवढे गोल सेल असतात. जास्त करून १८६५० नावाचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. नव्या, जास्त ताकदीच्या बॅटऱ्यांत २१७०० येतात, २१ मिलिमीटर जाड आणि ७० लांब. एका सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६, आणि पूर्ण भरल्यावर ४.२.

पाच सेल एकामागे एक जोडले की ३.६ गुणिले ५, म्हणजे १८ व्होल्ट. तेच पूर्ण भरल्यावर २१. म्हणून एका कंपनीची '१८ व्होल्ट', दुसरीची '२० व्होल्ट मॅक्स' आणि ऑनलाइन दिसणारी '२१ व्होल्ट' ही एकाच घरातली मंडळी आहेत. '१२ व्होल्ट'च्या छोट्या मशीनमध्ये तीन सेल असतात: सरासरी १०.८, भरल्यावर १२.६.

आता बाजारात ४८ व्होल्ट, ८८ व्होल्ट, ९८ व्होल्ट असं मोठ्या अक्षरात छापलेल्या बॅटऱ्या दिसतील. त्यांच्या आतही तेच पाच सेल असतात. आकाराने १८ व्होल्टच्या बॅटरीएवढी असलेली आणि १८ व्होल्टच्या मशीनवर बसणारी बॅटरी ८८ व्होल्टची असू शकत नाही. असली असती तर मशीनचं स्विच दाबताच जळालं असतं. असा आकडा छापणाऱ्याच्या बाकीच्या कुठल्याही आकड्यावर विसंबू नका.

अँपियर-अवरचंही तसंच. कॉर्डलेसला लागणारा जोरदार करंट देऊ शकणारे १८६५० सेल १.५, २, २.५ किंवा ३ अँपियर-अवरचे असतात. ३.५ चे सेल मिळतात, पण ते कमी करंटच्या कामाचे. म्हणजे हिशेब असा:

- पाच सेलची बारीक बॅटरी: १.५ ते ३ अँपियर-अवर
- दहा सेलची जाड बॅटरी (पाच-पाच सेलच्या दोन रांगा समांतर जोडलेल्या): ३ ते ६ अँपियर-अवर

नेहमीच्या दहा सेलच्या खोक्यावर ९ किंवा १२ छापलं असेल तर तो आकडा तिथे मावतच नाही. २१७०० सेल वापरले तर दहा सेलमध्ये ८ अँपियर-अवर मिळतात, पण मग बॅटरी आकाराने आणि वजनाने ठळकपणे मोठी असते.

व्होल्ट गुणिले अँपियर-अवर केलं की वॅट-अवर मिळतात. १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॅट-अवर. विमानाने जाणाऱ्यांना हा आकडा हमखास लागतो. सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची मंजुरी हवी, त्यापुढे प्रवासी नेऊच शकत नाही. १८ व्होल्ट ९ अँपियर-अवर असं खोटं लेबल लावलेली बॅटरी कागदावर १६२ वॅट-अवरची होते आणि सिक्युरिटीला अडकते. आत काय आहे ते तिथे कोणी उघडून बघत नाही.

## ३. ओरिजिनल, कॉम्पॅटिबल आणि डुप्लिकेट

दुकानदार हे तीनही शब्द कसेही वापरतात, तुम्ही मात्र फरक ठेवा. कंपनीने बनवलेली ती ओरिजिनल. दुसऱ्याने स्वतःच्या नावाने बनवलेली, 'अमुक मशीनला बसते' असं सांगून विकलेली ती कॉम्पॅटिबल. तिच्यात बरी-वाईट दोन्ही असतात. आणि दुसऱ्याने बनवून वर कंपनीचंच नाव, रंग, लोगो छापलेली ती डुप्लिकेट. 'फर्स्ट कॉपी' म्हणून गोड नाव देतात ती हीच.

डुप्लिकेट कधीही घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. कॉम्पॅटिबल विकणाऱ्याला निदान स्वतःचं नाव जपायचं असतं. डुप्लिकेटवाल्याला तेही नसतं, आणि बिघडल्यावर दार ठोठवायचं कोणाचं, हा प्रश्न उरतो.

## ४. पैसे कुठे वाचवलेले असतात

एक उघडलेली बॅटरी सांगतो, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. वर ६ अँपियर-अवर छापलेलं, खोकं दहा सेलचं. चार स्क्रू काढून झाकण उचललं तर खालच्या ओळीत पाच सेल, आणि वरची ओळ रिकामी. सेल हलू नयेत म्हणून मध्ये फोमचा तुकडा दाबलेला. सेलवर निळं नवं प्लास्टिक होतं, पण त्यावर ना मेकरचं नाव, ना मॉडेल. एका सेलच्या टोकावर जुन्या वेल्डचे ठिपके दिसत होते, म्हणजे तो कुठल्या तरी जुन्या पॅकमधून सोलून काढलेला. सेल जोडणाऱ्या पट्ट्यांना कडेने तांबूस गंज. तापमान मोजणारा थर्मिस्टर आतल्या सर्किट बोर्डवरच डकवलेला, सेलपासून लांब.

यातली प्रत्येक गोष्ट काय करते ते बघा.

सेल. ग्राइंडर दाबून चालवला की ३०-४० अँपियर करंट सहज ओढतो. दहा सेलच्या बॅटरीत तो दोन रांगांत वाटला जातो, पाच सेलच्या बॅटरीत सगळा एकाच रांगेवर येतो. लॅपटॉपचे जुने सेल एवढ्यासाठी बनलेलेच नसतात. ते तापतात, व्होल्टेज एकदम खाली येतं आणि मशीन अडकते.

पट्ट्या. चांगल्या पॅकमध्ये शुद्ध निकेलच्या असतात. स्वस्तात निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडी. लोखंडाचा रोध जास्त, म्हणून त्या तापतात, आणि कोकणासारख्या दमट हवेत गंजतात.

थर्मिस्टर. चार्जरला बॅटरीचं तापमान यावरूनच कळतं. काही बॅटऱ्यांत त्याच्या जागी ठरावीक किमतीचा साधा रेझिस्टर लावलेला असतो. मग बॅटरी आतून कितीही तापू दे, चार्जरला ती कायम थंडच वाटते.

बॅलन्सिंग. पाचही सेल सारखे भरले जायला हवेत. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र जोडले की ते लवकर विषम होतात. समजा चार सेल ४.१४ व्होल्टवर आहेत आणि पाचवा ४.३५ वर. बेरीज २०.९१ येते, म्हणजे नुसती बेरीज बघणाऱ्या चार्जरच्या दृष्टीने सगळं ठीक. प्रत्यक्षात पाचवा सेल मर्यादेच्या वर भरलाय.

## ५. तुमच्या मशीनचं संरक्षण कुठे आहे?

इथे बहुतेक जण फसतात. बॅटरी फार खाली गेली की करंट तोडणारी सोय कुठेतरी असावीच लागते. नामांकित कंपन्यांच्या बहुतेक १८ व्होल्ट प्लॅटफॉर्मवर हा तोडणारा स्विच बॅटरीत नसतो, मशीनमध्ये असतो. बॅटरीतला बोर्ड फक्त खबर देतो. माकिताच्या बॅटरीवर आणि मशीनवर जी चांदणी दिसते, ती या बोलाचालीची खूण. डिवॉल्टच्या बॅटरीत प्लस-मायनसखेरीज सी१ ते सी४ अशा पट्ट्या असतात. त्या सेलच्या मधल्या जोडांना जातात, म्हणजे एकेका सेलवर लक्ष ठेवता येतं.

कॉपी बॅटरीत या पट्ट्या दिसायला असतात, आतून जोडलेल्या असतीलच असं नाही. मशीन खबर यायची वाट बघते, खबर येत नाही, आणि सेल खोलवर रिकामे होतात.

'एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला' लावणारे अडॅप्टर याच कारणाने धोक्याचे आहेत. साधा अडॅप्टर फक्त प्लस आणि मायनस जोडतो, बाकीचं बोलणं तिथेच तुटतं. वापरायचाच असेल तर कमी व्होल्टेजला तोडणारा अडॅप्टर घ्या, आणि मशीनचा जोर कमी झाल्याचं जाणवलं की हात थांबवा.

## ६. विकत घेताना

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, लोहार चाळ, पुण्यात बोहरी आळी अशा ठिकाणी समोरासमोर घेतलीत तर निदान हातात घेऊन बघता येते. ऑनलाइन घेतलीत तर परत करण्याची मुदत असते. दोन्हीकडे पुढच्या गोष्टी बघा.

बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नंबर. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा लिथियम सेल आणि बॅटऱ्यांना बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते, मानक आयएस १६०४६ भाग २. लेबलवर मानकाचा नंबर आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. मोबाइलवर 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो टाका. नंबर खरा निघाला म्हणजे काम झालं असं नाही. तो कोणत्या उत्पादकाला, कोणत्या ब्रँडसाठी दिलाय ते वाचा. दुसऱ्याच कोणाचा, अगदी पॉवर बँकवाल्याचा नंबर उचलून छापता येतो.

पाकिटावरची माहिती. उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क. हे छापणं लीगल मेट्रॉलॉजीच्या (वैध मापनाच्या) २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. कोऱ्या खाकी डब्यात आलेली बॅटरी घेऊ नका.

सेलचा भाव. ही माझी आवडती परीक्षा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नामांकित मेकरच्या जोरदार करंटवाल्या एका १८६५० सेलचा भाव विचारा आणि त्याला बॅटरीतल्या सेलच्या संख्येने, पाच किंवा दहाने, गुणा. तयार बॅटरी त्या नुसत्या सेलच्या बेरजेपेक्षाही स्वस्त असेल, तर आत ते सेल नाहीत. मग वर काय छापलंय यावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

बिल. 'बिलाशिवाय दोनशे कमी' असं ऐकू आलं तर दोनशे जास्त द्या.

एक व्यवहाराची गोष्ट. कंपनीची बॅटरी सुटी महाग पडते, पण मशीन, दोन बॅटऱ्या आणि चार्जर अशा किटमध्ये तीच बरीच स्वस्त पडते. जुनी मशीन म्हातारी झाली असेल तर किटचा भाव काढून बघाच. पैसे खरंच कमी असतील तर ५ अँपियर-अवरची कॉपी घेण्यापेक्षा कंपनीची २ अँपियर-अवरची घ्या. दोनदा चार्ज करावी लागेल, पण ती २ म्हणजे २ असते.

## ७. हातात आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी

वजन. एक १८६५० सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा. दहा सेलचेच ४५० ग्रॅमच्या वर होतात, खोक्यासकट चांगली बॅटरी ६०० ते ६५० ग्रॅम भरते. पाच सेलची साडेतीनशे-चारशेच्या आसपास. दहा सेलचं खोकं ४०० भरलं तर पुढचं काही तपासू नका, परत पाठवा. वजन बरोबर आलं तरी थांबू नका, कारण सेल जड असून निकामी असू शकतात.

बसणं. मशीनवर सरकवताना अडकते का, बसल्यावर डुगडुगते का, ते बघा. सैल पट्टीवर ठिणगी पडते आणि मशीनच्या बाजूची पट्टी जळते. मग बॅटरीबरोबर मशीनचाही खर्च.

भरलेलं व्होल्टेज. चार्ज करून, तासभर ठेवून मोजा: १८ व्होल्टच्या बॅटरीला २०.५ ते २१ हवं. २१.२ च्या वर गेलं तर चार्जर-बॅटरीची जोडी धोक्याची आहे, वापरू नका. तीन-चार दिवस न वापरता ठेवून पुन्हा मोजा. एक-दोन दशांशाहून जास्त उतरलं असेल तर आत कुठेतरी गळती आहे.

बल्बची परीक्षा. लेबल खरं की खोटं ते इथे ठरतं.

१२ व्होल्ट २१ वॅटचे दोन बल्ब एकामागे एक जोडा. समांतर जोडू नका, उडतील. प्लसच्या वायरीत बॅटरीजवळ फ्यूज घाला. बॅटरीच्या प्लस-मायनस पट्ट्यांत थिंबल बसवा. दोन थिंबल एकमेकींना चुकूनही टेकता कामा नयेत, म्हणून एकीवर उघड्या भागापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्या. बल्ब फार तापतात, त्यांना फरशीच्या तुकड्यावर ठेवा. प्लायवर ठेवू नका.

या जोडणीत साधारण दीड अँपियर करंट वाहतो. मीटरच्या १० अँपियरच्या खाचेत वायर लावून तो प्रत्यक्ष मोजून घ्या. आता घड्याळ लावा आणि व्होल्टेज बघत राहा. १५ व्होल्टला, म्हणजे प्रत्येक सेल सरासरी ३ वर आला की, वायर काढा. बॅटरी स्वतःहून थांबेल असं धरू नका. वर सांगितलं तसं, थांबवणारा स्विच तिच्यात नसतो. म्हणून ही परीक्षा लावून बाहेर जाऊ नका, शेवटच्या टप्प्यात तर व्होल्टेज भराभर उतरतं.

करंट गुणिले तास म्हणजे खरे अँपियर-अवर. ५ ची खरी बॅटरी तीन तासांहून थोडी जास्त चालते. वर सांगितलेली ६ ची बॅटरी तासाभरात १५ व्होल्टला आली होती. छापलेल्यापेक्षा पाच-दहा टक्के कमी आलं तर सोडून द्या. निम्मं आलं तर मीटरचे आणि घड्याळाचे फोटो काढा, तक्रारीला तेच कामाला येतील.

जोराची परीक्षा. मशीनवर लावून जाड लाकडात लांब स्क्रू मारत राहा आणि लगेच बॅटरीच्या खोक्याला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल, प्लास्टिकचा किंवा गोडसर थिनरसारखा वास येत असेल, तर ती बॅटरी बाहेर मोकळ्यावर ठेवा आणि पुन्हा चार्ज करू नका.

## ८. चार्जिंग: इथे जीव गुंतलेला आहे

आपल्याकडे फर्निचरचं काम चालू असलेल्या फ्लॅटमध्येच कारागीर झोपतात. खोलीत भुसा, प्लायचे तुकडे, रबर सोल्युशन, थिनर, मेलामाइन पॉलिशचे डबे. त्याच खोलीत मल्टिप्लगवर रात्रभर बॅटरी चार्जिंगला. बॅटरी कॉपी असेल तर ही मांडणी अतिशय धोक्याची आहे. तुम्ही ठेकेदार असाल तर हा नियमच करा: चार्जिंग जागेपणी, फरशीवर, बाल्कनीत किंवा मोकळ्या जागी, थिनरपासून लांब. झोपताना चार्जर बंद.

कंपनीच्या फास्ट चार्जरवर कॉपी बॅटरी लावू नका. काही फास्ट चार्जर ९ अँपियरपर्यंत करंट देतात. दहा चांगल्या सेलना तो झेपतो. दहाच्या जागी पाच जुने सेल असतील आणि आतला बोर्ड चार्जरला 'मी मोठी बॅटरी आहे' असं सांगत असेल, तर सेल भाजून निघतात. संथ चार्जर वापरा.

कॉपी बॅटरीसोबत येणारा गोल पिनचा '२१ व्होल्ट' अडॅप्टर फक्त त्याच बॅटरीला लावा. एकसारखी पिन दिसली म्हणून दुसऱ्या कुठल्याही अडॅप्टरवर लावायची नाही. १२ व्होल्टच्या मशीनची बॅटरी २१ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावली तर काय होईल, ते सांगायला नको.

४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी एवढं तापमान नुसत्या हवेचंच असतं. तिकडे सकाळी किंवा रात्री जागे असताना चार्ज करा. कामावरून काढलेली बॅटरी अर्धा तास निवू द्या. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी भरून ठेवा आणि मशीनवरून काढून ठेवा.

फुसफुस आवाज, धूर किंवा ठिणगी दिसली तर आधी माणसं बाहेर काढा. धूर विषारी असतो. १०१ किंवा ११२ ला फोन करा. लांबून भरपूर पाणी मारता आलं तर मारा, कारण सेल थंड करणं हाच उपाय आहे. विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती घरात परत आणू नका.

## ९. फसवणूक झाली तर

आधी विक्रेत्याला लेखी कळवा: अ‍ॅपमध्ये किंवा ईमेलवर, फोटो-व्हिडिओ जोडून. 'छापलेलं ६, मोजलेलं १.६' असं थेट लिहा. 'बॅटरी नीट चालत नाही' अशा मोघम तक्रारीला 'दोन-तीनदा चार्ज करून बघा' हे उत्तर येतं, आणि त्यात परत करण्याची मुदत निघून जाते.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीतही बोलता येतं. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ऑनलाइन करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. बिल नसेल तर मात्र सगळंच अवघड होतं.

## १०. जुन्या खोक्यात नवे सेल: चालेल का?

चालेल, कारागीर चांगला असेल तर. ओरिजिनल खोकं, ओरिजिनल बोर्ड आणि नामांकित सेल असलेली बॅटरी बाजारातल्या कॉपीपेक्षा कधीही बरी. देण्याआधी हे विचारा:

- सेल कोणत्या मेकरचे, कोणत्या मॉडेलचे? नुसतं 'चांगले आहेत' हे उत्तर नको. जोरदार करंटचे आणि एकाच लॉटमधले हवेत.
- जोड स्पॉट वेल्डिंगने करणार ना? सेलवर थेट सोल्डरिंग करणाऱ्याकडे देऊ नका, उष्णतेने सेल आतून बिघडतो.
- पट्टी शुद्ध निकेलची आहे का? एक तुकडा मागून घ्या, कानशीने खरवडा आणि रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर आत लोखंड आहे.
- थर्मिस्टर पूर्वीसारखा सेललाच टेकवून बसवणार ना?

एक अडचण आधीच माहीत असू द्या. काही कंपन्यांचा बोर्ड बिघाड लक्षात ठेवतो आणि स्वतःला कायमचं लॉक करतो. तसं झालं असेल तर नवे सेल घालूनही चार्जर बॅटरी घेत नाही. म्हणून 'चार्जरवर चालली तरच पैसे' असं आधीच ठरवून घ्या. पॅक घरी उघडून स्वतः सेल बदलायच्या फंदात नवख्याने पडू नये. एक स्क्रूड्रायव्हर चुकीच्या जागी टेकला तरी शॉर्ट होऊन डोळ्यांत ठिणग्या उडतात.

## ११. मेलेली बॅटरी

घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाते, आणि दाबलेला सेल तिथेच पेटतो. सफाई कामगारांच्या हाताशी लागणारी आग ती. भंगारवाल्यालाही देऊ नका, तो हातोड्याने फोडतो.

बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून रीसायकल करायची जबाबदारी उत्पादक-आयातदारांवर आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला नेऊन द्या. नेण्याआधी पट्ट्यांवर इन्सुलेशन टेप घट्ट लावा, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत घाला, आणि देण्याचा दिवस येईपर्यंत कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर ठेवा. डब्यावर मार्करने 'खराब लिथियम बॅटरी, चार्ज करू नये' असं लिहा, नाहीतर साइटवरचा एखादा नवा पोऱ्या ती उचलून चार्जरला लावतो.